कै. आणि सौ.

बुधवारी सकाळी साडेअकराला आमच्या वाचनकट्ट्याच्या ग्रुपवर पहिले जोडलेले हात आले. पाठोपाठ ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. मग आणखी हात, मग एक पेटती पणती, मग कुणाचं तरी ‘अरे देवा, परवाच तर भेटलो होतो’. मी कात्रणवहीला डिंक लावत बसले होते. म्हटलं, कोण गेलं आता? कट्ट्यावरची निम्मी मंडळी सत्तरीच्या पुढची, त्यामुळं अशी बातमी अधूनमधून येतेच. बोटानं वर सरकवत गेले आणि बघते तर काय, सगळे हात आमच्या मेजरना जोडलेले. आणि त्या सगळ्यांच्या वर, या प्रकाराला सुरुवात करणारी फाईल माझीच. दहा वाजता मीच ग्रुपवर टाकलेलं आमच्या ग्रंथालयाचं वार्तापत्र.

डिंकाचा हात तसाच फाईलवर. तिसरं पान उघडलं, ‘ग्रंथभेट’ची चौकट मोठी करून बघितली. तिथं माझ्याच अक्षरजुळणीत ठळक छापलं होतं. आधी ‘कै.’, पुढं मेजरांचं नाव, ‘यांच्या स्मरणार्थ त्यांच्या पत्नी सौ.’, पुढं त्यांच्या बायकोचं नाव, ‘यांच्याकडून ग्रंथालयास पुस्तकांची भेट’.

गेली होती ती बायको. भेट दिली होती मेजरनी. जित्या माणसाला मी वर पाठवलं होतं आणि वर गेलेल्या बाईला खाली आणून बसवलं होतं. बोंबला!

आमचं विद्यापीठ लहान. कराडच्या बाहेर, एका बाजूला ऊस आणि एका बाजूला हायवे. ग्रंथालय तर त्याहून लहान, दोन दालनं आणि एक व्हरांडा. मी तिथं सहायक ग्रंथपाल. दर महिन्याला चार पानांचं वार्तापत्र निघतं. नवीन पुस्तकं कुठली आली, कट्ट्यावर कोण बोललं, कुणाचा सत्कार झाला, कुणी पुस्तकं भेट दिली, असलं सगळं. लिहिणार मी, मांडणार मी, तपासणार मी. चुकलं की बोलणी खाणारही मीच, पण तोवर कधी फारसं चुकलं नव्हतं. मला त्याचा जरा ताठाच होता.

ही चूक झाली कशी ते सांगते, म्हणजे माझी अक्कल कळेल. ग्रंथभेटीची चौकट दरवेळी नवी कोण करत बसणार? मागच्या अंकातली उचलायची आणि नावं बदलायची. पहिल्या जागी गेलेले गृहस्थ, दुसऱ्या जागी त्यांची बायको. इतक्या वर्षांत असंच होत आलं होतं. प्राध्यापक जातात, वकील जातात, त्यांची कपाटं घरात अडचण करतात, मग बायका फोन करतात की घेऊन जा हो तेवढी पुस्तकं. पुस्तकं पुरुषाची, देणारी बाई. माझ्या हाताला ते इतकं सवयीचं झालेलं की मेजरांचा अर्ज समोर ठेवूनसुद्धा मी पुरुषाचं नाव पहिल्या जागी टाकलं आणि बाईचं दुसऱ्या. मी स्वतः बाई असून. तिथं ‘श्रीमती’ असायचं, त्याचं मात्र ‘सौ.’ केलं, कारण अर्जावर ‘कै. सौ.’ असं लिहिलेलं. म्हणजे चूक करतानाही अर्धवट शहाणपणा केला.

मेजर म्हणजे काही खरे मेजर नव्हेत. हवालदार म्हणून रिटायर झालेले, पण आमच्या सातारा जिल्ह्यात फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात. गाव पाटणच्या वरच्या अंगाला. बायको प्राथमिक शिक्षिका, तिची शेवटची बदली कराडला झाली म्हणून इथं घर केलं. ती वारल्यावर वर्षभरानं मेजर एका टेम्पोत पुस्तकं घालून आमच्या दारात उभे राहिले. प्रत्येक पुस्तकाला जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर, आणि आत पहिल्या पानावर बाईंचं नाव, तारीख आणि गाव. नावाआधी ‘सौ.’ ठसठशीत, पेन दोनदा फिरवलेलं. मला वाटलं, बाईंचं पेन आधी नीट चालत नसेल.

“घरात वाचवत न्हाई,” मेजर म्हणाले होते. “हितं ठेवा. मी हितं येऊन वाचतो.”

आणि खरंच येत. रोज दहाला, खिडकीजवळच्या त्याच खुर्चीत. जन्मात पुस्तक न वाचलेला माणूस बायकोची पुस्तकं एकेक करत वाचत होता, ओळीखाली बोट धरून. मध्येच एखादा शब्द विचारायचे. “मॅडम, विषण्ण म्हंजी काय वं?” मी सांगितलं की मान हलवायचे. “हितं तिनं रेघ मारलीया.” पुस्तकं अजून आमच्या दाखल नोंदवहीत चढली नव्हती, म्हणजे कायद्यानं ती अजून ग्रंथालयाची झालीच नव्हती, पण मी त्यांना वाचू देत होते.

तर त्या बुधवारी मी आधी ग्रुपवरची फाईल उडवली आणि लिहिलं, ‘मेजर ठणठणीत आहेत, चूक माझी आहे, कृपया हात जोडू नयेत.’ त्यावरही दोघांनी न वाचता हात जोडले. माझं डोकंच फिरलं. तेवढ्यात आठवलं, मेजर ठणठणीत नव्हतेच. सोमवारीच ते सांगून गेले होते की मुलीकडं सांगलीला चाललोय, शुक्रवारी बायपास आहे.

मग त्याहून वाईट गोष्ट आठवली, पाकीट. कारण ग्रंथभेट देणाऱ्याला आम्ही अंकाची एक प्रत पोस्टानं पाठवतो, आणि मेजरनी अर्जावर पत्ता घातला होता विश्रामबागचा, मुलीचा. पाकीट मंगळवारी मीच पेटीत टाकलं होतं.

ग्रंथपाल सरांकडं गेले. ते कसल्याशा तपासणी समितीच्या फायली लावत होते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, चौकट वाचली आणि म्हणाले, “पुढच्या अंकात शुद्धिपत्र देऊ.”

“सर, शुक्रवारी त्यांची छाती उघडणार आहेत.”

“मग त्यांना वाचायला कुठं वेळ आहे?” सर म्हणाले. मग त्यांनाच वाईट वाटलं असावं. “बरं, फोन करा त्यांना.”

अर्जावर नंबर फक्त मेजरांचा. बटणांचा साधा फोन, त्यामुळं ग्रुपवरचं त्यांना काही दिसलं नसणार, एवढंच काय ते बरं. वाटलं होतं मुलगी उचलेल. उचलला त्यांनीच.

“हां मॅडम! मी तुमचीच याद काढत हुतो. ते छापील पेपर यायचा हाय न्हवं? पत्ता हितलाच दिलाय मी.”

“हो, म्हणजे, येईल की. तब्येत कशी आहे?”

“तब्येतीचं काय, आता डाक्टरच्या हातात. पर त्यो पेपर उद्यापत्तोर याय पायजे बघा. उद्या सांजच्याला भरती करून घेत्यात. तिचं नाव छापून आल्यालं एकदा बघतो, मग काय कापायचं ते कापू द्या.”

मी फोन ठेवला आणि सरळ पोस्टात पळाले. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, थैली कालच गेली. मी म्हटलं, परत मागवता येतं का? त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मीच मान खाली घातली.

चारला कट्टा होता. एक निवृत्त मुख्याध्यापक पांढरा सदरा घालून, शोकसभेचं भाषण खिशात घेऊन आले. मेजर जिवंत आहेत म्हटल्यावर त्यांना आनंद झाला, पण थोडा हिरमोडही झाल्यासारखा वाटला. एरवी मी पोट धरून हसले असते. त्या दिवशी मला एकच दिसत होतं. उशीला टेकून बसलेला म्हातारा माणूस पाकीट फोडतोय आणि स्वतःच्या नावाआधी ‘कै.’ वाचतोय. मी काही शकुन-अपशकुन मानणारी नाही, निदान तोवर नव्हते. पण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी छापील अक्षरात ‘कै.’? वाचून छातीत कळ आली तर? आणि नाहीच उठले टेबलावरून, तर जन्मभर माझ्या डोक्यातून जाईल का ते?

संध्याकाळी ऑफिसच्या प्रिंटरवर तिसरं पान दुरुस्त करून नवा अंक काढला. ‘कै. सौ. अमुक यांच्या स्मरणार्थ त्यांचे पती श्री. तमुक यांच्याकडून.’ चारदा वाचला, सरांना वाचायला लावला, शिपाईमामांना वाचायला लावला. ठरवलं, उद्या स्वतः जायचं, हा अंक मेजरांच्या हातात द्यायचा आणि पोस्टाचं पाकीट आलं की गपकन पर्समध्ये टाकायचं.

गुरुवारी सकाळची सांगली गाडी धरली. कारखाने चालू असल्यामुळं रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. आमची एसटी त्यांच्या मागं गोगलगाय झालेली. आष्ट्याजवळ तर एक ट्रॉली आडवीच लागली. मी ड्रायव्हरला म्हटलं, “आवं, बाजूनं काढा की.” तो म्हणाला, “ताई, तुमी या हितं, तुमी चालवा.” सगळी गाडी हसली. मला रडू यायचं बाकी होतं.

विश्रामबागच्या घरी पोचले तेव्हा बारा वाजत आलेले. दार मुलीनं उघडलं. चाळिशीची, डोळे जागरणानं सुजलेले. वडील सोफ्यावर, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. मी आधी टीपॉय बघितला, मग टीव्हीचं कपाट, मग खिडकी. पाकीट कुठंच नव्हतं. जिवात जीव आला.

“एवढ्या लांब आलासा व्हय?” मेजर उठायला लागले. “एका पेपरसाठी?”

“म्हटलं, पोस्टाचा काय भरवसा,” मी म्हटलं आणि दुरुस्त अंक त्यांच्या हातात ठेवला.

त्यांनी चष्मा लावला. तिसऱ्या पानावर बोट ठेवलं. बोट ‘कै.’वर आलं आणि तिथंच थांबलं. मला वाटलं होतं खूश होतील. त्यांचा चेहरा उतरला. तिच्या नावाआधी ते अक्षर त्यांनी अर्जावर स्वतः लिहिलेलं होतं, पण छापलेलं पहिल्यांदा बघत होते.

“व्हय,” ते म्हणाले. “बराबर हाय. तसंच हाय ते.” आणि अंक घडी घालून बाजूला ठेवला.

मुलगी चहा टाकायला आत गेली. आणि तेवढ्यात फाटक वाजलं. “पोस्ट!” मी उठेपर्यंत मेजर उठलेसुद्धा. फौजेतला माणूस, पत्र आलं म्हटल्यावर बसून राहील होय? दारातनं पाकीट घेतलं, आमचा शिक्का बघितला आणि हसले. “आणि एक आलं की!”

“ते राहू द्या मेजर, तेच आहे, सारखंच,” मी म्हणत होते आणि हात पुढं करत होते. त्यांनी पाकीट फोडलं. पान उघडलं. बोट ठेवलं. या वेळी बोट पहिल्या अक्षरावरून पुढं गेलं, ओळभर गेलं, परत मागं आलं.

मुलगी ट्रे घेऊन आली ती त्यांच्या खांद्यावरून वाचायला लागली. तिनं ट्रे टीपॉयवर आपटला. चहा सांडला.

“मॅडम, हे काय हाय?” शहरातली भाषा तिच्या तोंडातून क्षणात गेली. “माज्या बापाचं उद्या ऑपरेशन हाय, आन् तुमी त्यास्नी आजच कैलासवासी केलं? शिकल्याल्या न्हवं तुमी? वाचून बघता येत न्हाई?”

“चुकलं हो. माझंच चुकलं,” मी म्हटलं. दुसरं बोलायला होतंच काय? “म्हणूनच आले मी. ते परत न्यायला.”

“न्या मग! न्हाईतर थांबा, मीच फाडते,” म्हणून तिनं अंक ओढला.

“फाडायचा न्हाई!” मेजर असे ओरडले की आम्ही दोघी जागच्या जागी. मग हळू म्हणाले, “दे हिकडं.” तिनं दिला. त्यांनी तो चुकीचा अंक घडी करून शर्टाच्या खिशात घातला आणि बरोबर असलेला माझ्याकडं सरकवला. “ह्यो तुमी न्या.”

“मेजर, अहो, तो चुकीचा आहे.”

“ठावं हाय मला. वाचता येतंय.”

रागावले म्हणावं तर चहा घ्या म्हणाले. मी सांडून उरलेला चहा कसाबसा घशाखाली घातला. फाटकापर्यंत मुलगी आली. दार ओढून घेत एवढंच म्हणाली, “काय वाईटवंगाळ झालं, तर मी तुमाला सोडनार न्हाई.” मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर चप्पल काढली असती.

शुक्रवार कसा गेला विचारू नका. फोन करायची हिंमत नव्हती. दहा वाजले की नजर खिडकीजवळच्या खुर्चीकडं जायची. एका मुलीनं तिथं दप्तर ठेवलं तर मी खेकसले, “तिथं नको!” बिचारी घाबरून उठली. आता त्यांना आत नेलं असेल, आता खिशातला अंक कुणीतरी काढून ठेवला असेल, आता कुणी नर्स तो वाचत असेल, असं दिवसभर चाललेलं. संध्याकाळी मेजरांच्या फोनवरून त्यांच्या मुलीचा मेसेज आला, दोनच शब्द. ‘ऑपरेशन झालं.’ बरं झालं की कसं, काही नाही. मी ते दोन शब्द किती वेळा वाचले असतील. मग चार दिवस काहीच नाही. मग ‘वॉर्डात आणलं’. मग परत शांतता. पुढच्या अंकाची वेळ आली. सर म्हणाले, शुद्धिपत्राचा मजकूर द्या. मी म्हटलं, मेजर आल्यावर. सर म्हणाले, आणि नाही आले तर? मी फायलींच्या मागं जाऊन खरंच रडले. नाही आले, तर त्या ओळीतला ‘कै.’ बरोबर ठरणार होता.

दीड महिन्यानं, एका मंगळवारी, दहाला पाच मिनिटं असताना व्हरांड्यात काठी वाजली. मेजर. अर्धे राहिलेले, गळ्याची हाडं वर आलेली, शर्टाच्या वरच्या बटणातून टाक्यांची रेघ दिसत होती. खुर्चीत बसायला त्यांना एवढा वेळ लागला की मी दोनदा हात पुढं केला आणि दोनदा मागं घेतला. मग त्यांनी खिशातनं तो अंक काढला. घड्यांवर फाटत आलेला.

“लय बोलनी बसली का तुमाला? पोरीनं तर तुमास्नी झाडूनच काढलं,” ते म्हणाले.

“मी शुद्धिपत्र तयार ठेवलंय मेजर. तुम्ही बघा, मग छापते.” मी चिठ्ठी पुढं केली. “दोन्ही दुरुस्त केलंय.”

त्यांनी चिठ्ठी वाचली आणि मान हलवली. “दोनी नगं. निम्मंच करा. माजं कै. काढा. तिचं नुसतं सौ. ऱ्हाऊ दे.”

“मेजर, असं कसं? त्या तर…”

“तिच्या पुस्तकांत बघितलंय न्हवं तुमी? सौ. दोनदा गिरवल्यालं?”

“हो. मला वाटलं पेन चालत नसेल.”

“पेनाला काय धाड भरली हुती?” ते हसले, मग छातीवर हात धरून थांबले. “मी सरहद्दीवर. महिना महिना पत्र न्हाई. तवा ती तालुक्याला जाऊन एक पुस्तक आनायची. नाव घालायची आन् सौ. गिरवायची. म्हनायची, सौ. लिवलं की मला वाटतंय तुमी हायसा. आख्खी नोकरीभर तिनं मला असं जितं ठिवलंय.”

मी बाईंच्या पुस्तकांतलं एक काढलं आणि पहिलं पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं.

“त्या दिशी तुमचा पेपर वाचला. म्हटलं, हे दोनी एकदम खरं कसं असंल? मी कै. तर ती सौ. न्हाई. ती सौ. तर मी कै. न्हाई. हितं कायतरी एकच टिकनार.” त्यांनी घडीवर अंगठा फिरवला. “टेबलावर निजवलं, सुई टोचली, तवा पन त्येच डोक्यात. तिचं सौ. ऱ्हायाचं, तर मला जितं ऱ्हायाला नगं व्हय? म्हनून आलो परत.”

व्हरांड्यात कुणीतरी दप्तर आपटलं, कुणीतरी नवीन पुस्तकांचा फलक वाचत होतं. मी टेबलाकडं गेले. शुद्धिपत्राची चिठ्ठी फाडली आणि दुसरी लिहिली. सर विचारतील, चुकीची दुरुस्ती चुकीचीच कशी केली म्हणून. विचारू देत. मग मी दाखल नोंदवही काढली, मेजरांनी त्या दिवशी वाचायला घेतलेलं पुस्तक मागून घेतलं आणि त्याची नोंद केली. ‘कोणाकडून’ या रकान्यात बाईंचं नाव घातलं. त्याआधी सौ. लिहिलं, आणि त्यावरून पेन दुसऱ्यांदा फिरवलं.